ब्रेक माझ्यापाशी आहे

कुठल्याही खुर्चीवर बसले, की मास्तरांचा उजवा पाय हळूच पुढे सरकायचा आणि जमिनीवर दाबला जायचा. कोणी चहाचा ट्रे घेऊन जरा घाईने येताना दिसलं, की दाब. टीव्हीवर बॉलर धावत आला, की दाब. एका लग्नात नवरदेवाची घोडी बँडला बिचकून आमच्या अंगावर आली. आम्ही सगळे मागे पळालो. मास्तर जागचे हलले नाहीत, नुसते पाय दाबून उभे राहिले. घोडी थांबली. थांबली ती मालकाने लगाम खेचला म्हणून, पण मास्तरांचा चेहरा असा, की चला, वेळेवर लागला ब्रेक.

तुम्ही गाडी कुठे शिकलात मला माहीत नाही, पण शिकवणाऱ्याच्या गाडीत डाव्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून गेलं. प्रताप नगरात त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक खोली, एक पांढरी जुनी गाडी आणि तिच्या पुढे-मागे लाल अक्षरातली ‘एल’ची पाटी. शिकणाऱ्याने स्टिअरिंग घट्ट आवळलं, की मास्तर समोरचा रस्ता पाहत शांतपणे म्हणायचे, “घाबरून काहून राहिले? ब्रेक माझ्यापाशी आहे.” एवढं ऐकलं, की माणूस गिअर टाकायचा.

त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. मागाच्या पावड्या पायाने दाबायच्या असतात. मास्तर मागावर कधी बसले नाहीत, पण म्हणायचे, “आमच्या घराण्यात पायच चालते, भाऊ. डोकं नंतर.”

या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. का, ते सांगतो. मग तुम्हीच ठरवा कोणाचं चुकलं.

माझं मनीषनगरात टाइल्स आणि नळ-फिटिंगचं दुकान आहे. या धंद्यात आलो तो पारशिवनीकडच्या गावातून, दुसऱ्याच्या गोदामात फरशीच्या पेट्या डोक्यावर वाहायला. आज माझ्या दुकानात येऊन कोणी मला खालचा माल वरच्या भावात देऊन दाखवावा. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं टाय लावून येतात आणि टाय सैल करून जातात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं, ते कोणाच्या बाबतीत झालं हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

पोट सुटलं म्हणून मी सायकल घेतली. सायकल घेतली म्हणून आमच्याकडच्या एका सायकल क्लबात गेलो. त्या क्लबाने एका हिवाळ्यात पुढच्या हिवाळ्यासाठी ट्रायथलॉन जाहीर केली. म्हणजे आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. मी सहज म्हणालो, की माझंही नाव घ्या. क्लबचे सेक्रेटरी बिल्डर होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “भाऊ, तुम्ही केळीच्या टेबलावर या न. खेळाडूंना केळी वाटा. घेताना भावही पाडून आणाल.”

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. टेबलावर अशी थाप मारली, की चहाचे कप उडाले. तिथल्या तिथे नाव दिलं आणि म्हणालो, “तिन्ही गोष्टी पुऱ्या करीन आणि केळं तुमच्या हातून घेईन!”

घरी येऊन शर्ट काढताना आठवलं, की आपल्याला पोहता येत नाही.

नुसतं येत नाही असंही नाही. लहानपणी गावच्या विहिरीत चुलतभावांनी गंमत म्हणून ढकललं होतं. तेव्हापासून बादलीत डोकं बुडवायचं म्हटलं तरी माझा जीव वर यायचा. आता माघार घ्यावी, तर केळीचं टेबल. पुढे जावं, तर तलाव.

दुसऱ्या दिवशी दुकानात दाताच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या, दवाखान्याच्या बाथरूमसाठी टाइल्स बघायला. त्याही क्लबच्याच. शाळेपासून पोहत आलेल्या, मासोळीच. मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, “स्ट्रोक मी शिकवीन हो. पण भीती घालवायला माझ्या मास्तरांकडे चला. मी रडत रडत गाडी शिकले, ती त्यांच्यामुळे.”

“मास्तर म्हणजे पोहण्याचे?”

“मास्तर म्हणजे मास्तर,” मॅडम म्हणाल्या.

तुम्ही लक्षात ठेवा. प्रश्न मी विचारला होता. सरळ विचारला होता.

असं आमचं तिघांचं सुरू झालं. पहाटे सायकल, एक दिवस आड पळणं, सकाळी तलावाआधीचा सराव म्हणून पोहण्याची टाकी. मास्तरांनी स्वतः शर्यतीत नाव दिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “मास्तर परीक्षा देत नसते, भाऊ. मास्तर बाजूले बसते.” वय साठीच्या पुढे गेलेलं, पण सायकल आणि पळणं दोन्ही आमच्याबरोबर करायचे. सायकल साधी, काळी, कॅरिअरवाली. माझी परदेशी बनावटीची, करंगळीवर उचलता येईल अशी. दुकानदाराला रडवून घेतलेली.

मास्तर माझ्या मागे थोडे डावीकडे राहायचे, जिथे ते गाडीत बसायचे तिथे. आणि तिथून बोलायचे. “उजवीकडून ऑटो येऊन राहिला. येऊ द्या. गेला. आता घ्या.” वर्धा रोडवर पहाटेच्या अंधारात सिग्नल लाल असला, की मास्तर थांबायचे आणि मलाही थांबवायचे. बाकीची क्लबची मंडळी सुसाट निघून जायची.

“मास्तर, रस्त्यावर कुत्रं नाही!”

“कुत्रं नाही, पण सिग्नल तर आहे न.”

“माझा टाइम जाऊन राहिला!”

“थांबता येते का नाही ते पाहून राहिलो. चालवणं काय, कोणालेही येते.”

मी संतापून हँडल आपटायचो. ते हिरव्याची वाट पाहत पाय दाबून उभे.

पुढच्या रविवारी आलो, तर त्यांच्या हातात स्कूटरचा आरसा. म्हणाले, “सायकलले लावून घ्या.”

“मास्तर, रेसिंग सायकलले आरसा नसते!”

“मंग मागून ट्रक आला त त्याले काय रेसिंग दाखवता?”

मी नाही म्हणालो. खूप वाद घातला. मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वादात थकवलं, तो शेवटी आरसा लावून घरी गेलो. क्लबात त्यावरून जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही. सेक्रेटरी म्हणाले, की भाऊ आता डिक्कीही बसवा.

उन्हाळ्यात तर मजाच. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी सातलाही डांबर मऊ होतं. मास्तर पळताना चड्डीच्या खिशात कांदा ठेवायचे, ऊन लागू नये म्हणून. एक स्वतःच्या, एक माझ्या. मॅडमनाही दिला होता. त्या म्हणाल्या, “मास्तर, मी डॉक्टर आहे.” मास्तर म्हणाले, “दाताच्या,” आणि कांदा त्यांच्या हातावर ठेवला. पळून झालं, की तिघं कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खायचो. तर्री इतकी झणझणीत, की पळताना आला नाही तो घाम तिथे यायचा. जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट खाल्लं जायचं. पोहेवाल्याशी माझी रोज तर्रीवरून कटकट. पुन्हा वाढायला तो कुरकुरायचा. मास्तर मध्ये पडायचे नाहीत, नुसते टेबलाखाली पाय दाबायचे. तो पाय दिसला, की मला बोलता बोलता थांबल्यासारखं व्हायचं. याचाही मला राग यायचा.

आता पाण्याकडे येतो.

टाकीवर पहिल्या दिवशी मी उथळ बाजूचा दांडा जो धरला, तो सोडेना. मॅडम पाण्यात उभ्या राहून गोड बोलत होत्या. बाजूला लहान पोरं उड्या मारत होती, त्यांचं पाणी तोंडावर आलं तरी माझी बोटं वळत होती. मास्तर काठावर उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात रबरी चपला, डोक्यावर छत्री.

“मास्तर, तुम्ही उतरा न आत,” मी म्हणालो.

“मी आत आलो त तुमच्याकडे लक्ष कोण देईन? आतून माणूस फक्त स्वतःले पाहते.”

“बुडलो म्हणजे?”

“ब्रेक माझ्यापाशी आहे.”

तुम्हीच सांगा, याचा अर्थ कोणीही काय घेईल? मी तोच घेतला.

मास्तरांनी मॅडमना हात-पाय मारायला शिकवूच दिलं नाही. म्हणाले, आधी याले थांबायले शिकवा. मला काही कळेना. मास्तर छत्री फिरवत म्हणाले, “माणसाले गाडी चालत नाही म्हणून भेव नसते वाटत. थांबणार नाही म्हणून वाटते. माझ्याकडे पहिल्या दिवशी कोणी ॲक्सिलरेटर शिकत नाही. पहिले ब्रेक. पाण्यात थांबता आलं का झालं.”

पाण्यात थांबायचं म्हणजे उताणं होऊन तरंगायचं. मॅडमचा एक हात माझ्या पाठीखाली. कानात पाणी, डोळ्यांवर आभाळ आणि आभाळाच्या एका कडेला काळी छत्री. कित्येक दिवस मी एवढंच केलं. इतर शिकाऊ लोक टाकी पार करायला लागले, तरी मी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून. पण एक सकाळ अशी आली, की मॅडमचा हात कधी निघाला मला कळलं नाही आणि कळल्यावरही मी पडूनच राहिलो. मास्तर वरून म्हणाले, “लागला ब्रेक. आता चालवा किती चालवायचं ते.”

त्यानंतर पोहणं पटापट आलं. टाकीच्या तळाची फरशी पाहत मी पोहायचो. फरशी कोणी लावली होती देव जाणे, सांधे सगळे वाकडे. त्या वाकड्या सांध्यांना मनात शिव्या घालत मी या टोकाहून त्या टोकाला जायचो आणि श्वासाला मान वळवली, की काठावरून माझ्याबरोबर चालणाऱ्या रबरी चपला दिसायच्या. फट, फट, फट.

शर्यत पारशिवनीकडच्या एका तलावात होती. तलावाला एका अंगाने लांबलचक मातीचा बांध. पोहण्याला वेळेची मर्यादा होती. तेवढ्या वेळात पाण्याबाहेर आला नाहीत, तर सायकलला हात लावू देणार नव्हते. मदतीला नाव होती, पण हात वर केला आणि नावेवाल्यांनी तुम्हाला धरलं, की खेळ खलास. सरळ केळीच्या टेबलाकडे. सेक्रेटरी टेबलामागेच उभे होते, मला पाहून हात हलवला. मी हलवला नाही.

मास्तर दिसेनात. शिटी वाजायच्या आधी बांधावरून लगबगीने आले. काखेत काहीतरी चपटं. पाहतो तर गाडीची ‘एल’ची पाटी, स्क्रू काढून आणलेली.

“हे काय?”

“पाण्यातून माणसं सगळे सारखे दिसतीन. ही पाटी दिसन.”

“मास्तर, लोकं हसून राहिले!”

“तुमच्यावर नाही, माझ्यावर हसून राहिले. तुम्ही पोहा.”

शिटी वाजली. मॅडम तर क्षणात पुढे गेल्या. मी बरा निघालो. पण थोडं आत गेल्यावर खाली पाहिलं आणि फरशी नाही. इतके दिवस मी फरशीच्या भरवशावर पोहत होतो, हे मला तलावाच्या मध्यात कळलं. खाली हिरवा काळोख. वाकडे का होईना, पण सांधे पाहिजे होते. तेवढ्यात कोणाची तरी टाच माझ्या तोंडावर बसली. पाणी घशात गेलं. विहीर आठवली. चुलतभावांचं हसणं ऐकू आलं. नाव जवळच होती, नावेतला माणूस माझ्याकडेच पाहत होता आणि माझा हात पाण्यातून वर निघाला होता. अर्धा निघाला होता.

तेव्हा पलीकडे, बांधावर, पांढऱ्या चौकोनात लाल अक्षर दिसलं. मास्तर पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे होते. ओरडत नव्हते, नाचत नव्हते. बाकी सगळ्यांचे नातेवाईक काठावर आरडाओरडा करत होते. हे नुसते उभे. आणि इतक्या लांबूनही मला दिसलं, की उजवा पाय पुढे आहे.

मी हात खाली घेतला. उताणा झालो. थांबलो.

आभाळ होतं तसंच होतं. खोकला आला, गेला. छातीतली धडधड उतरली. मनात म्हटलं, मास्तर तिथे आहेत, बुडालो तर बांधावरून उडी मारतील, दहा हात मारले की पोचतील. मग पालथा झालो आणि त्या लाल अक्षराच्या दिशेने पोहत सुटलो. पाटी बांधावरून माझ्याबरोबर चालत होती. मी थांबलो तर थांबत होती. पाण्याबाहेर आलो तेव्हा घड्याळवाल्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, की जा, वेळेत आहात, पण पळा.

सायकलीचं काय सांगू, आरशात मागचे लोक दिसत होते. ते पुढे गेले म्हणून मग दिसायचे थांबले. पळताना खिशात कांदा होता, हिवाळा असूनही. सवय. माझ्या मागे फार कोणी उरलं नव्हतं, पण रेषा मी ओलांडली आणि तसाच केळीच्या टेबलाकडे गेलो. सेक्रेटरींनी हसून केळं पुढे केलं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणालो, “हे डागी आहे. दुसरं द्या.”

दुसरं दिलं त्यांनी. त्या केळ्याची चव मी अजून विसरलो नाही.

गोष्ट इथेच संपली असती, तर मी मास्तरांचा फोटो दुकानात लावला असता.

मॅडम, मास्तर आणि मी तलावाच्या पायऱ्यांवर आलो. मॅडम फोटो काढत होत्या. मला आनंद मावत नव्हता. मास्तर कडेच्या पायरीवर उभे, पाटी मॅडमच्या हातात दिलेली. मी म्हणालो, “मास्तर, रोज काठावरून मजा पाहता, आज तुम्ही बी भिजा!” आणि त्यांना कमरेला मिठी मारून सरळ पाण्यात उडी घेतली.

मिठी सुटली. मी वर आलो. मास्तर आले नाहीत. मग आले ते दोन्ही हात आभाळाकडे, डोळे पांढरे आणि पुन्हा खाली. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांच्या हाताने माझा कान धरला. तो कान तीन दिवस दुखत होता.

“भाऊ, सोडू नका! मले येत नाही!”

“काय येत नाही?”

“पोहणं!”

मी त्यांना कॉलरला धरून उताणं केलं. “पाय सैल सोडा! थांबा! आभाळ पाहा!” मीच ओरडत होतो. ते थांबले. त्यांची पाठ माझ्या हातावर टेकली आणि मला कळलं, की माणसाचं शरीर किती हलकं असतं, आणि मग मला दुसरं काहीतरी कळलं आणि डोकं फिरलं.

“मास्तर! तुमाले पोहता येत नाही?”

“नाही न, भाऊ.”

“म्हणजे मी तलावाच्या मधात असताना...”

“हाव.”

“बुडालो असतो तर काय केलं असतं तुम्ही?”

मास्तरांनी थोडा विचार केला. उताणे होते, त्यामुळे आभाळाला सांगितल्यासारखं बोलले, “बोंबललो असतो.”

“फक्त?”

“जोरात बोंबललो असतो.”

“आणि ब्रेक? रोज ब्रेक माझ्यापाशी आहे, ब्रेक माझ्यापाशी आहे, ते काय होतं?”

“ते असं म्हणावं लागते, भाऊ.”

पायरीवर मॅडम पोट धरून हसत होत्या. मी म्हणालो, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. ते कधी पाण्यात उतरले का?”

म्हणजे पाहा. आयुष्यभर मी माल हातात घेऊन, वाजवून, कोपरे तपासून घेतला. टाइल खरी आहे का रंगवलेली, ते मी बोटाने सांगतो. आणि मला या माणसाने माझ्याच जिवाची हमी विकली, जी त्याच्यापाशी नव्हतीच. आणि मी एकदाही वाजवून पाहिली नाही. मी त्यांना काठाला लावलं आणि जे बोलायचं ते बोललो. भिजलेल्या शर्टात ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “पण धरलं तुम्ही बराबर. डोकं वर, मान सैल. चांगलं धरलं.” मी पाय आपटत निघून आलो. गाडीत पाहिलं तर ‘एल’ची पाटी माझ्याच सामानात आलेली.

त्यानंतर मी बोलणं बंद केलं. मास्तर दुकानात यायचे, कागदात बांधलेले पोहे काउंटरवर ठेवायचे. मी कॅल्क्युलेटर बडवत राहायचो. ते स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना पाहत आणि मी कोणावर आवाज चढवला, की खाली पाय दाबत. घरी बायको म्हणाली, “अहो, बुडाले नाही न तुम्ही? मग भांडण कशाचं?” तिला व्यवहार कळत नाही.

एक दिवस पोहे ठेवून म्हणाले, “भाऊ, गाडी विकली. पुण्याले मुलीकडे चाललो. ती म्हणते, इथं एकटं काहून राहता.”

मी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. पण राग म्हणजे राग. म्हणालो, “जा. पण मी माफ केलेलं नाही. आधी पोहणं शिका, मग माफ.”

“आणि नाही जमलं त?”

“तर जन्मभर नाही.”

“चालते,” मास्तर म्हणाले. “म्हणजे जन्मभर आठवण राहीन.”

“पाटी घेऊन जा तुमची.”

“राहू द्या. गाडी कुठी आहे आता.”

बसवर सोडायला मी गेलो नाही. मॅडम गेल्या होत्या. त्या सांगत होत्या, की मास्तरांना ड्रायव्हरच्या मागची पहिलीच सीट मिळाली. बस स्टँडातून वळली तेव्हा काचेतून त्यांचा हात दिसला नाही. पण समोर एक रिक्षा आडवी आली, तशी मास्तरांची मान एकदम ताठ झाली आणि मॅडमना कळलं, की पाय दाबलेला आहे. बस थांबली.

आता पहाटे मी आणि मॅडमच निघतो. लाल सिग्नल लागला, की मी थांबतो. सवयीने. आरशात डावीकडे रस्ता रिकामा दिसतो.

पुण्याहून त्यांचा फोन यायचा. मी उचलायचो, पण रागाने. ते सांगायचे, की सोसायटीत निळी टाकी आहे, पोरीने चड्डी-चष्मा सगळं आणून दिलं आहे. मी विचारायचो, उतरले का? “उतरीन न. काठावर कोणी उभं राहत नाही इथं. सगळे आतच.” पुढच्या वेळी पुन्हा तेच. मला तर वाटायला लागलं, की हा माणूस माझी माफी न घेताच बसणार.

मागच्या आठवड्यात दुकानात एक जोडपं आलं होतं, नव्या फ्लॅटच्या टाइल्स घ्यायला. नवरा भावाला चिवट होता. आमची जुंपली होती, मी ऐन रंगात होतो. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. उचलला, तर पलीकडे मास्तरांची मुलगी, पाण्यात उभी. “काका, बाबा पाण्यात आहेत, पण दांडा सोडत नाहीत. म्हणतात, आधी भाऊंना लाव.” तिने फोन फिरवला. निळं पाणी. त्यात कमरेपर्यंत मास्तर, डोळ्यांवर चष्मा, बोटं दांड्यावर वळलेली. ती बोटं मी ओळखली.

“भाऊ,” ते ओरडले, “पाटी दिसू द्या!”

पाटी आतल्या भिंतीवर, बेसिनच्या नमुन्यांच्या वर टांगलेली होती. कोणी टांगली विचारू नका. मी स्टुलावर चढून ती काढली आणि दोन्ही हातांनी फोनपुढे डोक्यावर धरली. जोडपं माझ्याकडे पाहत राहिलं.

“मास्तर, मान सैल! आभाळ पाहा!”

“आभाळ कुठी आहे, भाऊ, छत आहे!”

“मग छत पाहा! पहिले थांबा, चालवणं नंतर!”

एक हात सुटला. मग, बऱ्याच वेळाने, दुसरा. चष्मा वर झाला, पोट वर आलं, पाण्यावर पांढरे केस पसरले. मुलीचा दुसरा हात पाठीखाली होता की नव्हता, ते फोनमध्ये दिसत नव्हतं.

“भाऊ?” पाण्यातून आवाज आला. “आहे न?”

“माझ्यापाशी आहे,” मी म्हणालो.

तो चिवट नवरा मध्येच म्हणाला, “भाऊ, मग माझा तो भाव फायनल ना?” मी हो म्हणालो म्हणे. मला आठवत नाही. मी पाटी वर धरून उभा होतो आणि काउंटरखाली माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता.